चार रात्री दोंग गावात : झाओशिंग आणि तांगआन

माझे यजमान सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंते आहेत, आणि माझे बालपण संगमेश्वराजवळच्या एका लाकडी माडीच्या घरात गेले. त्यामुळे खिळा न वापरता उभारलेल्या वीस-पंचवीस मीटर उंचीच्या लाकडी मनोऱ्याचे छायाचित्र आमच्या पाहण्यात आले, तेव्हा ते नेमके कुठले आहे याचा शोध घेतल्याशिवाय आम्हा दोघांनाही स्वस्थ बसवले नाही. ते छायाचित्र नैऋत्य चीनमधल्या ग्वेइझोऊ प्रांतातील झाओशिंग या दोंग गावाचे होते. त्यांना मनोरा पाहायचा होता. मला मात्र तिथले गाणे ऐकायचे होते. गेली अकरा वर्षे मी आमच्या वसाहतीतल्या भजनी मंडळात गाते. साथीला कोणतेही वाद्य नाही, हातवारे करून सांभाळणारा कोणी नाही आणि तरीही पंधरा-वीस बायका एकाच वेळी वेगवेगळ्या स्वरांत गातात, हे ऐकल्यापासून त्यावर माझा विश्वास बसत नव्हता. या गायनाचा समावेश युनेस्कोने २००९ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला आहे.

आमच्यासारख्या साठी ओलांडलेल्या, चिनी भाषेचे अक्षरही न येणाऱ्या दांपत्याला हा प्रवास कोणत्याही यात्रा कंपनीशिवाय करता आला, म्हणून त्याचा तपशील लिहून ठेवत आहे. त्यात आमच्या चुकाही आल्या आहेत, कारण पुढच्या माणसाला त्यांचाच उपयोग अधिक होईल असे वाटते.

प्रथम दोंग लोकांविषयी थोडेसे. ते स्वतःला 'कम' म्हणतात. 'दोंग' हे चिनी नाव आहे. २०२० च्या जनगणनेनुसार त्यांची संख्या सुमारे ३५ लाख असून ग्वेइझोऊ, हूनान आणि ग्वांगशी या तीन प्रांतांच्या सीमा जिथे मिळतात त्या डोंगराळ पट्ट्यात त्यांची वस्ती आहे. त्यांची भाषा चिनी नव्हे, तर थाई भाषेच्या दूरच्या नात्यातली आहे. तिला रोमन अक्षरांतली लिपी मिळाली ती १९५८ मध्ये, आणि तोपर्यंत गावाचे कायदे, कुळांच्या वंशावळी, लग्नाचे संकेत हे सर्व तोंडीच, आणि पुष्कळसे गाण्यातून, एका पिढीकडून दुसरीकडे जात असे.

व्हिसाची तयारी आम्ही जुलै २०२५ मध्ये सुरू केली. मुंबईच्या चिनी वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत महाराष्ट्र आणि कर्नाटक ही राज्ये येतात, त्यामुळे पुण्याच्या माणसाला मुंबई गाठावीच लागते. अर्ज संगणकावर भरायचा, छापायचा आणि सही करून न्यायचा होता. त्यात शिक्षण, आजवरच्या नोकऱ्या, आईवडिलांची माहिती असे बरेच काही विचारलेले असते. ते एका बैठकीत होईल असे समजू नये. आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. सोबत सहा महिन्यांचा बँकेचा तपशील, आयकर विवरणपत्र, जाण्यायेण्याची विमानाची तिकिटे, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचे आरक्षण आणि कोणत्या दिवशी कुठे असणार याचा तक्ता जोडला. छायाचित्राचे माप ३३ बाय ४८ मिलिमीटर असते आणि त्यात दोन्ही कान दिसावे लागतात. माझ्या छायाचित्रात केसांनी कान झाकले गेले होते. सूचना छापलेली असूनही मी ती वाचली नव्हती, म्हणजे चूक माझीच. पण तेवढ्यासाठी १८ ऑगस्टला आम्ही भर पावसात छायाचित्रकाराचे दुकान शोधत फिरलो. निवृत्त माणसांनी निवृत्तिवेतनाच्या आदेशाची प्रत आधीच जोडून ठेवावी, कारण 'सध्याचा व्यवसाय' या रकान्यात नुसते 'निवृत्त' असे लिहिले की त्याला काही पुरावा असलेला बरा. शुल्क आणि सेवाशुल्क मिळून माणशी पाच हजार रुपयांच्या आत काम झाले आणि पुढच्या आठवड्यात पारपत्रे हातात आली.

आम्ही हाँगकाँगमार्गे जायचे ठरवले होते. भारतीय पारपत्रधारकाला तिथे व्हिसा लागत नाही, पण प्रवासाआधी संगणकावर मोफत पूर्वनोंदणी करून तिचा कागद जवळ बाळगावा लागतो. ही नोंदणी काही मिनिटांत होते, म्हणूनच ती विसरली जाते. विमानतळावर आमच्या पुढच्या रांगेतल्या एका कुटुंबाची त्यापायी झालेली धावपळ आम्ही पाहिली.

तारखा ठरवताना एकच गोष्ट कटाक्षाने पाळली. चीनमध्ये १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय सुट्टी असते. २०२५ मध्ये मध्य-शरद उत्सव तिला जोडून आल्यामुळे ती ८ तारखेपर्यंत चालली. त्या दिवसांत खोल्यांचे दर दुपटीच्या पुढे गेलेले दिसत होते आणि रेल्वेची तिकिटे मिळणे कठीण होते, म्हणून आम्ही ९ ऑक्टोबरच्या रात्री मुंबई सोडली. १७ तारखेला वसुबारस होती आणि त्या दिवशी घरी पोहोचायचेच असा घरच्यांचा आग्रह होता, म्हणून गावात राहण्यासाठी चार रात्री उरल्या. सुरुवातीला मला त्या फार वाटल्या होत्या. एवढ्याशा गावात चार दिवस काय करायचे, असे मी विचारलेही होते.

चिनी रेल्वेची तिकिटे प्रवासाच्या १५ दिवस आधी विक्रीला खुली होतात. रेल्वेच्या अधिकृत ॲपवर पारपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते, आणि इथे आपल्याकडच्या नावांची एक अडचण उभी राहते. माझ्या पारपत्रावर माझे आणि यजमानांचे नाव एका रकान्यात, तर आडनाव दुसऱ्या रकान्यात आहे. मी सवयीने पुण्यातल्या तिकिटासारखे नुसते नाव-आडनाव भरले आणि पडताळणी फेटाळली गेली. पारपत्राच्या तळाशी ज्या दोन संकेत-ओळी असतात, त्यात नाव ज्या क्रमाने आले आहे त्याच क्रमाने भरल्यावर काम झाले.

पैशांच्या बाबतीत मात्र आमची भीती व्यर्थ ठरली. अलीपे या ॲपला आपले व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येते. रुपे कार्ड चालले नाही. कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमध्ये सुरू करून ठेवावा आणि एखादा छोटा व्यवहार पहिल्याच दिवशी करून पाहावा. दोनशे युआनपर्यंतच्या रकमेवर जादा आकार लागत नाही, त्यापुढे तीन टक्के लागतो, म्हणून खोलीचे भाडे आम्ही रोजच्या रोज देत गेलो. जवळ पाचशे युआन रोख ठेवले होते, पण टोपलीत मुळा विकणाऱ्या आजीबाईंच्या गळ्यातही पैसे घेण्याची संकेतचौकट (क्यूआर कोड) लटकत होती. गूगल तिथे चालत नाही. आम्ही भारतातूनच फिरत्या सेवेचे (रोमिंगचे) ई-सिम घेतले होते, त्यावर सर्व चालले. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा आधीच उतरवून ठेवणे मात्र आवश्यक आहे, कारण बोगद्यात आणि डोंगरात जाळे नसते.

निघायला सहा दिवस उरले असताना गावातल्या ज्या घरगुती निवासात आम्ही चारही रात्री राहणार होतो, त्यांनी आरक्षण रद्द केले. परदेशी पाहुण्यांची पोलिसांकडे नोंद कशी करतात हे त्यांना ठाऊक नव्हते, असा त्यांच्या निरोपाचा सारांश होता. चीनमध्ये परदेशी माणसाच्या मुक्कामाची नोंद २४ तासांत व्हावी लागते आणि ती साधारणतः निवासाचा मालकच करतो. त्या रात्री आम्ही दोघेही नीट झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी तीन ठिकाणी एकच प्रश्न चिनी भाषेत लिहून पाठवला : 'आमची पारपत्रे भारतीय आहेत, आपण नोंद करू शकता का?' दोघांनी होकार दिला. हा प्रश्न आरक्षण करण्याआधी विचारायचा असतो, हे आम्हाला असे कळले.

१० ऑक्टोबरला हाँगकाँगमध्ये एक रात्र विश्रांती घेतली. त्या खोलीत आमच्या दोन बॅगा एकाच वेळी उघडता येत नव्हत्या, याहून तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

११ तारखेला सकाळी वेस्ट काउलून स्थानकावर गेलो. हाँगकाँगमधून बाहेर पडण्याचा आणि चीनमध्ये शिरण्याचा असे दोन्ही शिक्के याच इमारतीत मिळतात, त्यामुळे गाडीच्या वेळेआधी दीड तास तरी पोहोचावे. प्रवेशाच्या कागदावर मुक्कामाचा पत्ता लिहायचा असतो. तो चिनी अक्षरांत छापून नेला होता. तिथून ग्वांगझोऊ दक्षिण स्थानक आणि तिथे गाडी बदलून त्सोंगज्यांग, असा प्रवास होता. स्थानकात शिरताना प्रत्येक ठिकाणी सामानाची तपासणी होते आणि धारदार वस्तू चालत नाहीत. माझ्या पानाच्या चंचीतला अडकित्ता तिथे अडला. ही वस्तू कशासाठी असते हे दोन तरुण कर्मचाऱ्यांना भाषांतराच्या ॲपवर समजावून सांगण्याचा मी प्रयत्न केला, ते दोघे मनापासून हसले, आणि अडकित्ता तिथेच राहिला. तो माझ्या सासूबाईंचा होता. असली वस्तू घरीच ठेवावी.

ग्वांगझोऊ ते ग्वेइयांग हा ८५७ किलोमीटरचा वेगवान लोहमार्ग २६ डिसेंबर २०१४ रोजी सुरू झाला, आणि झाओशिंगचे नशीब त्या दिवशी पालटले असे म्हणायला हरकत नाही. पूर्वी या दोन शहरांमध्येच रेल्वेने वीस तासांच्या आसपास लागत, आणि तिथून पुढे डोंगरातल्या रस्त्याने बसचा दिवसभराचा प्रवास असे. आम्ही ग्वांगझोऊहून त्सोंगज्यांगला तीन तासांच्या थोडे पुढे पोहोचलो. दुसऱ्या वर्गाचे तिकीट माणशी सुमारे दोनशे युआन होते, म्हणजे अडीच हजार रुपये. ग्वेइलिनच्या आसपास खिडकीतून चुनखडीचे सुळके दिसतात, मग सानज्यांग येते, आणि त्यानंतर बोगद्यांमागून बोगदे. कोकण रेल्वेची आठवण येणे अपरिहार्य होते. यजमानांनी बोगदे मोजायला घेतले होते, पण मध्येच त्यांना डुलकी लागली.

त्सोंगज्यांग हे स्थानक त्याच नावाच्या शहरापासून दूर, झाओशिंगच्या मात्र अगदी जवळ आहे, हे आधी माहीत नसल्यास मोठा घोटाळा होतो. स्थानकाबाहेरच्या बसने दहा-पंधरा मिनिटांत आम्ही झाओशिंगच्या अभ्यागत केंद्रापाशी उतरलो. प्रवेशाचे नियम आणि दर बदलत असतात, म्हणून निवासाच्या मालकाला ते आदल्या दिवशी विचारून घ्यावेत. तिथून पुढे बॅटरीवर चालणाऱ्या गाडीतून गावात जाता येते. आमच्या घरमालकीणबाई वेशीवरच उभ्या होत्या. पारपत्रांची छायाचित्रे काढून त्यांनी नोंद पूर्ण केली आणि ती फोनच्या पडद्यावर मला मुद्दाम दाखवली, तेव्हा आठ दिवसांची धाकधूक संपली. खोलीचे भाडे रात्रीला १६० युआन होते.

पहिल्या संध्याकाळी माझी निराशा झाली हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. दरीत ओढ्याच्या दोन्ही काठांनी वसलेले, सुमारे हजार उंबऱ्यांचे हे दोंगांचे सर्वांत मोठ्या गावांपैकी एक गाव आहे. काळपट लाकडाची दुमजली-तिमजली घरे, वर कौले. पण अंधार पडताच प्रत्येक वळचणीला पिवळे दिवे लागले. भाड्याचा दोंग पोशाख आणि चांदीसारखा मुकुट घालून छायाचित्रे काढून घेणाऱ्या शहरी मुलींची रांगच रांग, कॉफीची दुकाने, गिटारवर चिनी प्रेमगीते. एका मंचावर कार्यक्रम झाला, त्यात जिच्यासाठी मी आले होते ती गायकी निवेदकाच्या दोन भाषणांच्या मध्ये दहा मिनिटे आली. 'भात देह पोसतो, गाणे मन पोसते' ही दोंगांची म्हण तर दुकानातल्या पिशव्यांवर छापलेली होती. एखाद्या गडावर जावे आणि तिथे फक्त मक्याची कणसे भाजणारे भेटावेत, तसे वाटले. बहुतेक प्रवासी एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने परततात. आमचीही एकच रात्र असती, तर हे लेखन इथेच आणि काहीशा रागात संपले असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे टक-टक, टक-टक अशा आवाजाने जाग आली. एक थांबला की पलीकडच्या बोळातून दुसरा सुरू होत असे. कांडपाचा असावा असे समजून मी बाहेर आले, तर एक म्हातारी दगडावर गडद निळ्या कापडाची घडी ठेवून लाकडी मोगरीने कुटत होती. हे दोंगांचे चमकदार कापड. हातमागावरचे सुती कापड नीळीत पुन्हापुन्हा बुडवतात, वाळवतात, अंड्याचा पांढरा बलक किंवा कातड्याची खळ लावतात आणि कुटतात, आणि असे कितीतरी दिवस चालल्यावर त्यावर जांभळट, तांब्याच्या भांड्यासारखी झाक येते. शरद ऋतू हा त्याचा हंगाम. ओसरीवर, पुलाच्या कठड्यावर, सगळीकडे ती लांबच लांब कापडे वाळत होती आणि त्यांना एक आंबूस उग्र वास होता. सकाळी सहा ते नऊ या वेळात गाव गावकऱ्यांचे असते. दिवे, मुकुट आणि गिटार हे सर्व नऊनंतर सुरू होते. पुढचे तिन्ही दिवस आम्ही पहाटे पाचला उठलो.

झाओशिंगमध्ये पाच ढोलमनोरे आहेत. चिनी नावाचा शब्दशः अर्थ तोच, कारण पूर्वी वर टांगलेला ढोल वाजवून लोकांना गोळा करत. गाव पाच भागांत विभागलेले आहे; आपल्याकडच्या वाड्यांसारखे म्हटले तरी चालेल, कारण एकेका भागात मुख्यतः एका कुळाची घरे असतात आणि प्रत्येकाचा स्वतःचा मनोरा व स्वतःचा छपराचा पूल असतो. भागांची नावे मात्र कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या पाच गुणांची आहेत : करुणा, न्याय, शिष्टाचार, शहाणपण आणि विश्वास. बहुसंख्य हान चिन्यांपासून भाषेने वेगळ्या असलेल्या समाजाने आपल्या वाड्यांना ही नावे द्यावीत, यावर आम्ही बराच वेळ बोललो. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात हे मनोरे पाडले गेले आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गावाने ते पुन्हा उभे केले. म्हणजे माझ्या यजमानांच्या नोकरीची सुरुवात आणि या मनोऱ्यांचे वय जवळजवळ एकच निघाले.

छपरांचे थर सात ते तेरा असून संख्या नेहमी विषम असते, तर बाजूंची संख्या सम असते. बाहेरून मजल्यांसारखे दिसणारे ते थर आतून मजले नसतात. मधोमध उभे राहून वर पाहिले की शेंड्यापर्यंत पोकळी दिसते आणि तिच्याभोवती आखूड होत गेलेल्या तुळया. सारे लाकूड त्या डोंगरातल्या सूचिपर्णी 'शा' वृक्षाचे असते, आणि मनोऱ्याचा आकारही त्याच झाडासारखा खाली रुंद व वर निमुळता. मुलगी जन्मली की ही झाडे लावायची आणि ती अठरा वर्षांची झाली की तिच्या लग्नाच्या खर्चासाठी ती तोडायची, अशी जुनी रीत आहे. जोड सगळे कुसू आणि खाच यांचे, लोखंडी खिळ्याविना. यजमान खाली बाकावर आडवे होऊन तासभर वर पाहत राहिले. अशा वेळी कोणी हाकलून देईल अशी मला भीती होती, पण मनोऱ्यात बसलेले म्हातारे पत्ते खेळत होते, कोपऱ्यात दूरचित्रवाणी संच चालू होता, आणि एकाने न बोलता त्यांच्या डोक्याखाली आपली उशी सरकवली.

जेवणाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. मी मासे खाते, यजमान शुद्ध शाकाहारी आहेत, आणि दोंग स्वयंपाकघरात भाजीलाही डुकराच्या चरबीची फोडणी असते. 'मांस, मासे, अंडी आणि डुकराची चरबी नको. तेलात केलेली भाजी आणि भात पुरे' असे चिनी भाषेत लिहिलेला कागद आम्ही पुण्याहून छापून नेला होता. बायका तो वाचून खात्री करण्यासाठी तेलाची बाटली आणून दाखवत. भोपळा, शेंगा, आंबवलेले बांबूचे कोंब आणि हाताने खायचा चिकट भात यावर यजमानांचे चार दिवस उत्तम गेले. तेल-चहा हा तिथला न्याहारीचा प्रकार : चहाची पाने तेलात परतून उकळायची, मीठ घालायचे आणि त्यावर फुललेला भात व शेंगदाणे. चहात चिवडा पडला आहे असे पहिल्या दिवशी वाटले, तिसऱ्या दिवशी मी दुसरा वाडगा मागितला. मासे चिकट भात आणि मिरचीबरोबर लाकडी पिंपात थर लावून महिनोन्महिने मुरवतात. ते आंबट आणि तिखट असतात व आमच्या सुक्या मासळीची सवय असलेल्या माणसाला जड जाऊ नयेत. एका फलकावर 'न्यूब्ये' लिहिलेले दिसले तर मात्र आधी समजून घ्यावे. गाईबैलाच्या पोटातल्या अर्धवट पचलेल्या गवताच्या रसाचा तो रस्सा असतो. आम्ही तो पाहिला आणि पुढे गेलो.

१३ तारखेला माणशी वीस युआन देऊन एका छोट्या गाडीने वर तांगआनला गेलो. झाओशिंगच्या डोक्यावरच्या डोंगरात, भाताच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांमध्ये हे छोटे गाव आहे, आणि चीन व नॉर्वे यांच्या सहकार्याने ते २००५ मध्ये परिसर-संग्रहालय म्हणून जाहीर झाले. संग्रहालय म्हणजे एखादी इमारत नसून घरे, शेते, झरा, माणसे असे अख्खे गावच. कापणी चालू होती. चिकट भाताच्या लोंब्या एकेक खुडून त्यांच्या पेंढ्या लाकडी चौकटींवर टांगलेल्या होत्या. भातशेतात मासे आणि बदकेही वाढवायची ही दोंगांची पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०११ मध्ये जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात घेतली आहे. पाणी काढलेल्या वाफ्यात दोन मुले चिखलात हात घालून मासे पकडत होती, ते पाहून मला आमच्या पऱ्ह्यातल्या चढणीच्या माशांची आठवण झाली.

इथली खोली ८० युआनची होती. गादी कठीण, शौचकूप भारतीय पद्धतीचे, गरम पाणी भरपूर. घराच्या मागे एका सुताराचे काम चालू होते. त्याच्यापाशी नकाशा नव्हता, होती ती उभी चिरलेल्या बांबूची एक लांब फाक, आणि तिच्यावर शाईच्या खुणा. घराचे प्रत्येक माप त्या एका फाकेवर असते. यजमानांनी खिशातून आपली स्टीलची टेप काढून त्याच्या हातात दिली, त्याने ती उघडून पाहिली, वाकवून पाहिली आणि हसून परत केली. त्या दोघांचे पुढचे दोन तास भाषांतराच्या ॲपशिवाय चालले होते, आणि त्यांना कोणत्या विषयावर काय समजले हे मला आजतागायत नीटसे कळलेले नाही.

रात्री नवाच्या सुमारास झांज वाजवत आणि काही ओरडत एक माणूस गावातून फिरला. मिरवणूक असेल असे समजून मी धावत ओसरीवर आले. घरातल्या सूनबाईंनी फोनवर लिहून दाखवले : 'चूल विझवा, दिवे पाहा, असे तो सांगतो.' लाकडाच्या या दाट वस्तीत खरी भीती आगीची असते. याच छ्येनतोंगनान जिल्ह्यातल्या बाओजिंग या दोंग गावातली शंभराहून अधिक घरे २५ जानेवारी २०१४ च्या रात्री जळून गेली. त्यानंतर मी खोलीतली डास-उदबत्ती विझवली आणि पांघरूण तोंडावर ओढून झोपायच्या तयारीला लागले.

पण झोप आली नाही, कारण खालून गाणे ऐकू येऊ लागले. ढोलमनोऱ्यात सात बायका अर्धवर्तुळात बसल्या होत्या. कोणी पोशाखात नव्हत्या, दोघींच्या अंगात तर घरचे स्वेटर होते. दोंग नववर्षाच्या सुमारास एका गावाचे लोक दुसऱ्या गावाला पाहुणे जातात आणि त्या गावाशी गाण्यातून सवालजवाब करतात, त्याची ही तालीम होती. मी उंबऱ्याशी उभी राहिले तेव्हा एकीने बाजूला सरकून जागा दिली. पाचजणी एक खालचा स्वर धरून होत्या, पण तो तंबोऱ्यासारखा स्थिर नव्हता, शब्दांबरोबर हलत होता. वरच्या स्वरात दोघी आळीपाळीने जात. एकीचा श्वास संपण्याआधी दुसरी त्यात शिरे, त्यामुळे तो वरचा धागा कुठेच तुटत नसे. मध्येच सगळ्यांनी रातकिड्यांसारखा आवाज काढला आणि बाहेरचे खरे कोणते, आतले कोणते, हे मला क्षणभर कळेना. इशारा कोणीच करत नव्हते. त्या एकमेकींकडे पाहतही नव्हत्या. एक तर लोकर विणत होती. चुकले की सर्वांत म्हातारी जीभ टाळ्याला लावून 'च्' असा आवाज करी आणि सगळ्या मागच्या ओळीवर येत.

तास झाल्यावर त्यांनी मला गायला सांगितले. मी जात्यावरच्या ओव्यांची माझ्या आईची चाल धरली आणि दोन ओव्या म्हटल्या. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मी थांबले तेव्हा त्या सगळ्या तशाच वाट पाहत राहिल्या. मग विणणाऱ्या बाईंनी माझा फोन मागून घेतला आणि त्यात काही बोलल्या. पडद्यावर मराठीत उमटले : 'बाकीच्या बायका कधी सुरू करतात?'

ओवी एकीनेच म्हणायची असते, किंवा फार तर जात्याच्या दोन बाजूंना बसलेल्या दोघींनी एकामागून एक, हे मी त्यांना सांगितले. त्यावर त्यांची आपापसांत बरीच चर्चा झाली. शेवटी म्हातारीने मला पुन्हा म्हणायची खूण केली, आणि दुसऱ्या ओवीच्या मध्यावर त्यांच्यातल्या दोघींनी माझ्या स्वराखाली हलकेच एक स्वर धरला. माझा सूर सुटला. आयुष्यात प्रथमच माझ्या गाण्याखाली कोणीतरी वेगळे गात होते आणि मला माझी चाल सापडेना. त्या हसल्या, म्हातारी 'च्' म्हणाली, आणि आम्ही पहिल्या ओळीवर परत आलो. चौथ्या वेळी ती ओवी शेवटपर्यंत गेली.

१४ तारखेला आम्ही शेतांमधल्या दगडी पायवाटेने झाओशिंगला उतरलो. दीड-दोन तास लागतात. पावसानंतर दगड निसरडे असतात, म्हणून पकड असलेले बूट आणि एक काठी हवी. गुडघे दुखणाऱ्यांनी गाडीने वर जाऊन पायी उतरण्याऐवजी येताजाता गाडीच करावी. माझे गुडघे पुढचे तीन दिवस बोलत होते. संध्याकाळी मंचावरचा तोच कार्यक्रम पुन्हा पाहिला. या वेळी मी निवेदकाकडे दुर्लक्ष करून दुसऱ्या रांगेतल्या दोघींचे श्वास कसे बदलतात तेवढेच पाहत राहिले, आणि ती दहा मिनिटे फार लवकर संपली.

संपूर्ण प्रवासाचा खर्च विमान, व्हिसा, रेल्वे, मुक्काम आणि जेवण मिळून माणशी सुमारे ८२ हजार रुपये झाला. त्यातला निम्म्याहून अधिक भाग विमानाचा आणि हाँगकाँगच्या दोन रात्रींचा होता. चमकदार कापडाचा एक तुकडा मी घेतला. तो वेगळ्या पिशवीत बांधून आणावा, नाहीतर सामानातल्या सगळ्या कपड्यांना निळा डाग आणि तो वास लागतो.

१५ तारखेला निघताना घरमालकीणबाईंनी चिकट भाताचा मुटका आणि पानात गुंडाळलेला मुरवलेला मासा यजमानांच्या हातात दिला, कारण चार दिवस या गृहस्थांनी काही खाल्लेच नाही असा त्यांचा समज झाला होता. मासा परदेशातून आणणे शक्य नव्हते. त्सोंगज्यांगहून गाडी सुटल्यावर मी तो उघडला. यजमान काही न बोलता उठले, पलीकडच्या रिकाम्या खिडकीशी जाऊन बसले आणि त्यांनी पहिल्यापासून बोगदे मोजायला सुरुवात केली.